मावळतीकडं पाठ

आमच्या सासऱ्यांना कुणी काही सांगितलं की ते मान हलवतात. शेवटपर्यंत ऐकून घेतात, 'व्हय, व्हय' म्हणतात, आणि मग जाऊन स्वतःला पटेल तेच करतात. हे मला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं. त्यांच्या सख्ख्या मुलाला ते कळायला पस्तिशी उजाडावी लागली, आणि तेही डोंगरावर अख्खं बांधकाम उभं राहिल्यावर.

मुलगा म्हणजे कृष्णराज, माझा नवरा. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात तो दहा-अकरा वर्षं होता. आधी ट्रे उचलायला, मग टाय बांधून दारात पाहुण्यांचं स्वागत करायला. तिथं हसून हसून गाल दुखायला लागल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की ही माणसं एवढ्या लांबून येतात आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं धुणं बघतात. आपल्याकडं तर अख्खा डोंगर रिकामा पडलाय.

डोंगर आमचाच. तुळजापूर आणि नळदुर्गच्या मधे, रस्त्यापासून आत. शेतीच्या कामाचा अजिबात नाही. मुरूम, बोरी-बाभळी, थोडा पळस आणि कुणी न लावता उगवलेली सीताफळं. पलीकडं वनखात्याची हद्द लागते, म्हणून जंगल म्हणायचं. जाहिरातीत कृष्णराजनं त्याला 'घनदाट' म्हटलं. मी म्हटलं, "कसलं घनदाट? पलीकडं गेलेली शेळीसुद्धा दिसते." तर म्हणाला, "पावसाळ्यात दिसत नाही."

सूर्यास्ताबद्दल मात्र तो खोटं बोलत नव्हता. डोंगराची मावळतीकडची कड एकदम तुटते आणि खाली सोलापूरच्या बाजूचं रान लांबच्या लांब मोकळं पडलेलं दिसतं. त्या रानात सूर्य जातो तेव्हा मोबाइल बघणारा माणूससुद्धा मान वर करतो. म्हणून नाव ठरलं 'सांजवेळ'. तीन कॉटेज, त्यांच्यापुढं मोठा लाकडी ओटा. त्याला डेक म्हणायचं, असं आम्हा सगळ्यांना बजावून झालं होतं. डेकवर आरामखुर्च्या टाकायच्या, हातात गरम चहा द्यायचा आणि समोर सूर्य बुडताना दाखवायचा. बाकी आमच्याकडं विकण्यासारखं काही नव्हतंच.

कृष्णराजनं स्वतः नकाशा काढला. मावळतीकडं बोटाएवढा जाड बाण दाखवला. बंडप्पा मिस्त्रीला आणि मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पुढ्यात बसवून सगळं समजावलं. बंडप्पा उमरग्याकडचा. त्यानं आजवर निम्म्या तालुक्याची घरं बांधली, आणि एकही मालकाच्या मनासारखं बांधलं नाही, पण पडलंही नाही. दोघांनी माना हलवल्या. मामा म्हणाले, "व्हय, व्हय." तिथंच मला शंका यायला हवी होती.

पण आम्ही पुण्याला परतलो. हॉटेल त्याला लगेच सोडत नव्हतं आणि मी शिकवायचे ती शाळा मला सहामाही संपायच्या आत सोडत नव्हती. बांधकामाचे फोटो मामा पाठवायचे. आधी जोत्याचे, मग भिंतींचे, आणि एक दिवस डेकचा. लाकूड नुकतंच चकाकवलेलं, कठडा बसलेला, आणि त्या कठड्यावर टेकल्यासारखा केशरी, टपोरा सूर्य. सूर्य एवढा मोठा, की बाकी सगळं काळं. कृष्णराजनं तो फोटो मला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, लिफ्टमधे भेटलेल्या अनोळखी माणसालाही दाखवला. मग वेबसाइटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचा रोजचा सूर्यास्त.'

फोटो बघून लोकांचे फोन आले. त्यात एक होता नीरजा नावाच्या बाईंचा. त्यांची पुण्यात सहलींची कंपनी आहे. गर्दीच्या जागांना कंटाळलेल्या लोकांना त्या निवांत जागी नेतात. म्हणाल्या, दिवाळीनंतर येऊन बघते, आवडलं तर वर्षभर आमचे पाहुणे तुमच्याकडं. कृष्णराजनं फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी हॉटेलात शेवटचं 'वेलकम' म्हणून आला. नीरजाबाईंनी होकार दिला तर आम्ही गावी राहणार होतो. नाही दिला तर जानेवारीत परत पुणं, परत टाय. दुसरं काही आमच्याजवळ नव्हतं आणि हे मामांनाही माहीत होतं.

नीरजाबाई यायच्या आदल्या दिवशी आम्ही सामानाचा टेम्पो घेऊन डोंगर चढलो. कृष्णराज उडी मारून उतरला, धावत डेकवर गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. बराच वेळ हलला नाही. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. जवळ गेले तर चेहरा पांढराफटक.

"शिवकन्या," तो म्हणाला, "हे नळदुर्ग आहे."

"मग?"

"नळदुर्ग उगवतीला आहे."

मी समोर बघितलं. मागं वळून बघितलं. मागं आमच्याच कॉटेजच्या भिंती, त्यांच्या मागं ओळीनं न्हाण्या, पाण्याची टाकी, मामांचा गोठा, कडब्याची गंजी आणि शेणाचा उकिरडा. सूर्य रोज त्या उकिरड्यामागं जाऊन बुडत होता. सगळं 'सांजवेळ' सांजेकडं पाठ करून बसलेलं होतं.

मामा गोठ्यातून हात पुसत आले. चेहऱ्यावर एवढा आनंद, की मलाच कसंतरी झालं.

"कसं झालंय?"

"अण्णा," कृष्णराज एकेक शब्द मोजून बोलत होता, "बाण कुणीकडं होता?"

"कसला बान?"

"नकाशावर."

"व्हय, व्हय. ते बंडप्पानं कागद फिरवून धरला."

बंडप्पा पलीकडं कठड्याला शेवटचा हात मारत होता. तो अजिबात ओशाळला नाही. उलट आमचीच कीव करत म्हणाला, "यप्पा! नवं घर, त्येचं तोंड मावळतीला? कोन बांधतंय? तुमाला ठावं नसंल, पुन्यात ऱ्हाताव. मालकान्नीबी तेच सांगितलं. आमी दोगान्नी चांगला दिस बघून चुन्याची फक्की मारली, पाया आखला."

"आणि तो फोटो? सूर्यास्ताचा?"

"कुटला सूर्यास्त?" मामा म्हणाले. "म्या पाटं येतो बांधकामाला पानी मारायला. तवा काडलाय. हितं रेंज नसती, सांजच्याला गावात गेलो की फोटू सुटतोय."

म्हणजे सूर्य उगवताना फोटो निघायचा, मावळल्यावर पुण्याला पोचायचा आणि माझा हुशार नवरा तो बघून उसासे टाकायचा. मला हसू फुटलं. कृष्णराजनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी तोंडाला पदर लावून टेम्पोतलं सामान उतरवायला गेले.

त्या दिवशी बापलेकांत जे झालं ते सगळं सांगत नाही. कृष्णराज म्हणाला, गोठा पाडू. मामा म्हणाले, म्हशीला काय तुझ्या कॉटेजात बांधू? कृष्णराज म्हणाला, बांधा, तेवढंच राहिलंय. मग दोघंही रुसून डोंगराच्या दोन टोकांना जाऊन बसले आणि जेवायला दोघांनाही मलाच हाका माराव्या लागल्या. शेवटी ठरलं ते असं, की बाईंना दिवसभर फिरवायचं, खाऊ घालायचं, बोलण्यात गुंतवायचं आणि सूर्याची आठवणच होऊ द्यायची नाही. मामांनी त्या वेळी गोठ्यातच थांबायचं आणि काहीएक बोलायचं नाही. मामा म्हणाले, "व्हय, व्हय."

नीरजाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात दणकट बूट. बाई चांगल्या होत्या, हीच पंचाईत. खोटारडी, तोरा मिरवणारी असती तर फसवायला बरं वाटलं असतं. त्यांनी कॉटेज बघितली, भाकरी-पिठलं पोटभर खाल्लं, मोर बघून लहान मुलीसारख्या ओरडल्या. कृष्णराजनं त्यांना डोंगरभर इतकं फिरवलं, की त्याचीच चप्पल तुटली. पण उन्हं कलली तसं त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "आता चहा डेकवर घेऊ. तुमच्या सूर्यास्तासाठी तर आलेय."

आम्ही त्यांना आरामखुर्चीत बसवलं. त्या पाय लांब करून नळदुर्गाकडं बघत बसल्या. मी चहा दिला. सूर्य आमच्या मागं, आणि कॉटेजची सावली डेकवरून समोर लांबत लांबत कठडा ओलांडून खालच्या बाभळीपर्यंत पोचलेली. एवढी सरळ गोष्ट कुणाच्याही ध्यानात यावी. पण शहरातल्या माणसाला दिशा विचारायची नसते, त्यांचा मोबाइल सांगतो, आणि आमच्याकडं रेंज नव्हती.

"सूर्य नेमका कुठल्या बाजूनं दिसतो?" त्यांनी विचारलं.

"जरा ढग आहेत आज," कृष्णराज म्हणाला. आभाळात पिंजलेला कापूसभरही ढग नव्हता.

"मला काही घाई नाही. थांबू की थोडा वेळ."

"थोडा कशाचा," मागून आवाज आला. "रातभर थांबावं लागंल."

मामा हातात सीताफळांची पाटी घेऊन उभे होते. पाहुणी बाई घरी येऊन दिवस कलला आणि आपल्या झाडाचं फळ तिच्या हातावर पडलं नाही, म्हणून त्यांना गोठ्यात बसवेना. कृष्णराजनं डोळे मिटले. नीरजाबाईंना वाटलं म्हातारबुवा गंमत करतायत. त्या हसल्या आणि सीताफळ फोडून खायला लागल्या. मामांनी त्यांना एकामागून एक चार खायला लावली. पाचवं हातात दिलं तेव्हा बाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. "हात धुऊन येते," म्हणून त्या मागच्या न्हाणीत गेल्या.

गेल्या त्या आल्याच नाहीत.

आम्ही वाट बघितली. चहा गार झाला, समोरच्या रानावरचं ऊन तांबूस झालं. कृष्णराज येरझाऱ्या घालायला लागला. मामा हळूच मला म्हणाले, "सीताफळ बाधलं काय गं?"

"चार कशाला चारलीत मग?"

"मला काय म्हाईत, पुन्याच्या पोटाचं."

शेवटी मी जाऊन दार वाजवलं. "मॅडम, बरं आहे ना?"

"आत्ता नको!" आतून आवाज आला. "एक मिनिट, आत्ता नको!"

डॉक्टर तुळजापूरला, टेम्पो परत गेलेला. एवढ्यात कडी निघाली. बाईंचे हात अजून चिकटच होते, पण डोळे चमकत होते. त्या कुजबुजत म्हणाल्या, "आत या. लवकर."

न्हाणीत मावळतीच्या भिंतीला वर एक झरोका आहे, वाफ जायला ठेवलेला. त्याच्याखाली पालथी घातलेली बादली. बाईंनी मला बादलीवर चढवलं. मी बघितलं. टाकी आणि गोठ्याचं छप्पर यांच्यामधल्या फटीतून सगळं रान सोन्याचं झालेलं दिसत होतं, आणि त्याच्या टोकाला सूर्य, अर्धा आत गेलेला. डोंगर आमचा, पण एवढा चांगला मलाही तो कधी दिसला नव्हता. मी उतरले तर कृष्णराज आत. तो चढला. मग परत बाई. 'सांजवेळ'चा पहिला सूर्यास्त आम्ही तिघांनी असा न्हाणीघरात, पाळीपाळीनं बादलीवर उभं राहून बघितला.

"मामा, या की," मी हाक मारली.

मामा दारातच थांबले. "तुमी बगा," म्हणाले आणि तोंड फिरवून म्हशीकडं निघून गेले.

अंधार पडायच्या आत नीरजाबाईंना सोलापूरची गाडी गाठायची होती. जाताना त्यांनी कृष्णराजला समोर उभं केलं. रागावल्या नाहीत, त्यामुळं जास्त लागलं.

"तो फोटो सूर्योदयाचा आहे, हो ना?"

कृष्णराजनं मान खाली घातली. मग धीर करून म्हणाला, "मॅडम, आपण सूर्योदय दाखवू. डेकवरून फार सुंदर..."

"माझे पाहुणे सुट्टीत नऊच्या आधी उठत नाहीत. तुम्ही हॉटेलात होतात, तुम्हाला हे मी सांगायचं?" त्या हसल्या. "दृश्य अप्रतिम आहे. पण मी लोकांना बादलीवर चढा असं सांगू शकत नाही. नाताळच्या आत मावळतीकडं बसायला जागा करा, मी पहिली तुकडी घेऊन येते. नाही जमलं तर तसं कळवा. मला दुसरी जागा बघावी लागेल."

मावळतीकडं जागा करायची म्हणजे गोठा हलवायचा, गंजी हलवायची, उकिरडा हलवायचा. गोठा मामांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. आदल्या दिवशीचं भांडण कृष्णराजला परत नको होतं. जेवताना तो एवढंच म्हणाला, "उद्या पुण्याला फोन लावतो. माझी जागा अजून भरलेली नाही."

मामांचा घास हातात राहिला. मामांनी तो घास तसाच ताटात ठेवला आणि मान हलवली. "व्हय, व्हय," म्हणाले. त्या माणसाचं 'व्हय' ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं.

सकाळी दणादण आवाजानं जाग आली. चहा घेऊन मागं गेले तर मामा एकटेच पहारीनं गोठ्याचे खांब उखडत होते. म्हैस पळसाला बांधलेली, तोंड फुगवून बघत होती. छपराचे पत्रे खाली आलेले. मी चहा दिला. त्यांनी पहार टेकवली आणि बशीत चहा ओतला.

"मामा, बंडप्पाचं ऱ्हाऊ द्या. तोंड उगवतीला का केलंत ते खरं सांगा."

"घराचं तोंड उगवतीलाच असावं."

"ते बंडप्पाचं झालं. तुमचं सांगा."

ते चिडले. चिडले की ते खरं बोलतात. "पुन्याची गाडी कवा जाती?"

"संध्याकाळी."

"आन् पुन्याहून येती कवा?"

"पहाटे."

"मग? दर खेपंला त्येला फाट्यावर सोडायला कोन जायचं? म्याच. गाडी दिस बुडायच्या तोंडात शिरायची. पार दिसंनाशी हुईस्तवर हुभा ऱ्हायचो म्या. धा-अकरा वर्सं हेच बगितलंय. आन् आता तुमी म्हनताव, तिकडंच तोंड करून रोज बस, वर पाव्हन्यास्नीबी दाखीव." त्यांनी बशी खाली ठेवली. "सकाळी मातुर पोरगं पिसवी खांद्याला मारून उगवतीच्या अंगानं डोंगर चढताना दिसायचं. म्हनून तोंड तिकडं केलं. चुकलं आसंल."

"चुकलंच," मी म्हणाले. मी कपबशी उचलली आणि तडक कृष्णराजला शोधायला निघाले.

कृष्णराज फोन हातात घेऊन रेंज शोधत डेकवर फिरत होता. मी त्याला मामांचं सगळं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द. त्यानं फोन खिशात ठेवला, शर्ट काढून कठड्यावर टाकला आणि दुसरी पहार घेऊन मागं गेला. दुपारपर्यंत गोठ्याच्या जागी नुसती जमीन उरली होती. बापलेक मिळून कडबा वाहत होते.

बंडप्पा परत आला. मावळतीला तोंड करून काही बांधायचं म्हटल्यावर आधी त्यानं कानांना हात लावले. मग स्वतःच वाट काढली. "ह्याला दार न्हाय, भित न्हाय. घर कसं म्हनायचं? नुसता वटा हाय. चालतंय." नवा गोठा त्यानं बांधला तो जुन्या डेकच्या पुढं, कारण मोकळी जागा तेवढीच होती. त्यामुळं आता आमच्याकडं कुणी हौसेनं सूर्योदयाला उठलंच, तर त्याला सूर्याच्या आधी म्हैस दिसते.

नाताळच्या सुट्टीत नीरजाबाई सात-आठ जणांना घेऊन आल्या. संध्याकाळी सगळे नव्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसले. मी चहा देत होते, कृष्णराज भजी. मामांना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. धुतलेला सदरा घालून ते आले, पण सूर्याकडं पाठ करून उभे राहिले आणि पाहुण्यांचे चेहरे बघत बसले.

सूर्य रानाला टेकला, तेवढ्यात खालच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. पुण्याची गाडी होती. लाल ठिपका वळण घेऊन सरळ उजेडात निघाला होता.

मामांनी वळून बघितलं. मला त्यांचा खांदा आखडलेला दिसला. कृष्णराजलाही दिसला असावा. त्यानं भज्यांचं ताट एका पाहुण्याच्या मांडीवर ठेवलं आणि वडिलांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. गाडी लहान होत होत बुडत्या सूर्यात शिरली. मामा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी बाजूला बघितलं. मुलगा तिथंच होता.

सूर्य गेला तशा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. सगळे थांबले तरी त्यांच्या चालूच होत्या.

"गेली गाडी," ते म्हणाले.

"गेली," कृष्णराज म्हणाला.

"आन् तू हितंच."

"हितंच की, अण्णा."

मामांनी घसा खाकरला, डोळे सदऱ्याला पुसले आणि त्याच्यावर खेकसले, "मंग हुभा काय ऱ्हायलास? धार कोन काडनार? म्हस कवाची वरडायली."